दोन बोटांचा प्ले

नव्या गाडीचं स्टिअरिंग ढिलं लागावं, यापरता अपमान नाही. जुन्या गाडीचं समजून घेता येतं, तिनं तिचे दिवस बघितलेले असतात. पण सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही, आणि स्टिअरिंग मधोमध दोन बोटं नुसतंच डुलतंय, खाली चाकाला त्याचा पत्ताच नाही, म्हणजे काय? सुकुमार मगदूमच्या डोक्यात तिडीक गेली ती इथं.

नाव सुकुमार असलं तरी माणूस दांडगा. शिरोलीच्या एमआयडीसीत त्याचं लेथचं शेड होतं, आणि उभा जन्म गेला होता लोखंड किती सैल नि किती घट्ट असावं हे ठरवण्यात. दोन भागांच्या मधे नको असलेली मोकळी जागा राहते, तिला शेडमधे ‘प्ले’ म्हणायचे. कुणाच्या हातून प्ले राहिला तर सुकुमार त्या माणसाशी दिवसभर बोलत नसे. अशा माणसाच्या नशिबी प्लेवाली गाडी यावी, म्हणजे कुणीतरी मुद्दाम टोचल्यासारखंच झालं.

गाडीचं नाव ‘गवा’. त्या काळात रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या आपल्या आपण चालायच्या. माणसं आत बसून मोबाईल बघत नाहीतर घोरत. गाडी स्वतः हाकायची ती हौसेपोटी, आणि हौशी लोकांसाठी एका कंपनीनं ही गाडी काढली होती. पुढची दोन्ही चाकं एकाच जाड लोखंडी आसावर, मागचीही तशीच. याला मेकॅनिक सॉलिड ॲक्सल म्हणतात. एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं, त्यामुळं खाचखळग्यातही चाकं जमीन धरून राहतात. मजबुतीला तोड नाही. खोट एकच, हायवेवर अशी गाडी जरा भरकटते, सारखी सावरून न्यावी लागते.

नवलाई निराळीच होती. गव्याच्या स्टिअरिंगचा दांडा चाकापर्यंत जातच नव्हता. हातानं चक्र फिरवलं की चक्राच्या कड्यातले सेन्सर ते वाचायचे, आणि पुढच्या आसावर बसवलेली मोटर चाकं वळवायची. पकड, नाडी, बोटांचा दाब, सगळं त्या कड्याला कळायचं. किल्ली नव्हती; ओळखीचे हात लागले की गाडी सुरू व्हायची. “गाडी तुमच्या हाताला सरावते, सर,” असं शोरूमवाल्यानं सांगितलं होतं, आणि सुकुमारला ते भारी आवडलं होतं.

गाडी घेतली नागपंचमीच्या आसपास. नारळ फुटला, पेढे वाटले. शोरूमवाल्यानं टॅबलेट पुढं केला. “विश्वासू माणूस म्हणून कुणाचं नाव घालू? काही नाजूक असलं तर गाडी आधी त्यांना कळवते. वाईट बातमी स्क्रीनवर वाचण्यापेक्षा आपल्या माणसाच्या तोंडून कळलेली बरी, असं कंपनीचं धोरण आहे.”

बायको त्रिशला शेजारी उभी होती, हातात खोबऱ्याचा तुकडा. सुकुमारनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. “पारिसचं घाला,” तो म्हणाला. “माझ्या गाडीपुढं तोच उभा असतो.” त्रिशला हसली. पारिस तिचाच धाकटा भाऊ. तिला कशाला वाईट वाटेल.

आता गाडीपुढं उभा असतो म्हणजे काय, ते सांगायला हवं. डोंगरात गाडी चढवताना चालकाला समोर बॉनेट आणि आभाळ एवढंच दिसतं. चाकाखाली दगड आहे की खड्डा, कळत नाही. म्हणून एक जण पुढं, चढाकडं पाठ करून उभा राहतो आणि हातानं खुणावत राहतो. बोटं डावीकडं गेली, डावीकडं घे. तळवा आत वळला, ये. मूठ वळली, थांब. हौशी लोकांत त्याला स्पॉटर म्हणतात. चालकानं दगडाकडं बघायचं नाही, दरीकडं बघायचं नाही, फक्त त्या हाताकडं बघायचं. तरुणपणी एकदा सुकुमारनं हात सोडून दरीकडं बघितलं होतं आणि गाडी कुशीवर निजली होती. दोघं वाचले. खालच्या टपरीवर चहा घेताना पारिसनं त्याला सुनावलं होतं, “दाजी, परत नजर हलली तर मी पुढं उभा राहणार न्हाई. हात दिसतोय तवर हाताकडं बघायचं. तेवढा एकच नियम.” तेव्हापासून सुकुमारनं तो नियम मोडला नव्हता. पारिसचा हात ये म्हणाला की तो डोंगराच्या कड्यावरूनसुद्धा गेला असता.

दरवर्षी गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी त्यांच्या क्लबची मंडळी गगनबावड्याच्या वाटेवर एका बंद पडलेल्या जांभ्याच्या खाणीत जमायची. खाणीच्या कडेला एक उभा चढ होता, त्याला सगळे घोरपड म्हणायचे. सुकुमारनं घोरपड एकाही वर्षी चुकवली नव्हती, आणि यंदा ती नव्या गव्यानं चढायची होती. तिथं एका बाजूला भिंत, एका बाजूला दरी; दोन बोटं प्ले असलेलं स्टिअरिंग घेऊन जाणं म्हणजे जिवाशी खेळ. पाडव्याच्या आत प्ले काढायचाच, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

पहिल्यांदा ढिलेपणा जाणवला तो दसऱ्यानंतर. आधी केसभर. दिवाळी उलटेपर्यंत दोन बोटं. सुकुमारनं गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथं नाझनीन मुजावर नावाची इंजिनियर होती, तिशीच्या आतली, बोलायला मोजकी. तिनं गाडी वर उचलली, एकेक सांधा टॉर्च लावून तपासला, मग सर्व्हिसच्या कोडनं गाडी सुरू करून स्वतः एक फेरी मारून आली.

“सर, काही ढिलं नाही.”

“मग मी खोटं बोलतोय?”

“तसं नाही म्हणत. सॉलिड ॲक्सल आहे, थोडं असं वाटतं.”

“थोडं? आमच्या शेडमधे असा जॉब निघाला असता तर मी भंगारात फेकला असता.”

पारिस मागं उभा होता. “दाजी, असू द्या की. सॉलिड ॲक्सलला असतंयच थोडं. मी बी वाचलंय.”

“तू कधीपासनं वाचायला लागलास?”

पारिस हसला. तो हसला की विषय मिटायचा, हे दोघांच्या सवयीचं होतं.

तिसऱ्या खेपेला नाझनीननं सुकुमारला जरा बाजूला घेतलं. “सर, विश्वासू माणूस म्हणून कुणाचं नाव दिलंय तुम्ही? त्यांच्याशी एकदा निवांत बोला.”

“स्टिअरिंग ढिलं आहे ते मेहुण्याला विचारू?”

ती काहीतरी बोलणार होती, पण थांबली. “आम्हाला नियम आहेत, सर,” एवढंच म्हणाली.

सुकुमारला वाटलं, पोरगी आपल्याला टोलवतीय. घरी येऊन त्यानं तिच्याविरुद्ध वरती तक्रार केली, तीही अशी झणझणीत की महिन्याच्या आत तिची बदली कराडला झाली. तक्रार पाठवण्याआधी त्यानं ती पारिसला वाचून दाखवली होती. “लई कडक झाली का रे?” पारिस नखं बघत म्हणाला, “तुम्हाला वाटेल ते लिहा.” पुढं सगळं कळल्यावर सुकुमारच्या जिव्हारी लागलं ते हे. बाकीचं एक वेळ पोटात घालता आलं असतं.

शेडमधली एक रीत होती. प्ले शोधायचा तर एकानं आत बसून चक्र डावी-उजवी हलवायचं आणि दुसऱ्यानं गाडीखाली झोपून बघायचं, कुठला सांधा उशिरा हलतो ते. खाली झोपायचा मान मालकाचा. सुकुमारला दुसऱ्याच्या डोळ्यावर भरवसाच नव्हता. त्यामुळं दर वेळी आत पारिस आणि खाली सुकुमार, आणि दर वेळी खाली सगळं ठणठणीत. चक्र हललं की चाकं वळवणारा आसावरचा दांडा हलायचा, मधे फट म्हणून नाही. मग अंग झाडत वर येऊन स्वतः बसायचा, तर पुन्हा दोन बोटं. असं त्यानं हिवाळाभर केलं. जागा बदलून बघावं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही, कारण मालकानं वर बसायचं नसतं.

होळीनंतर एके सकाळी त्याच्या पाठीत उसण भरली. वाकवेना, झोपवेना. पारिस सांगलीला कामाला गेलेला. पाडवा जवळ आला होता, आणि सुकुमारला दम कुठला. अंगणात गव्याच्या पुढच्या आसाखाली त्यानं मोबाईल व्हिडिओ चालू करून सरकवला आणि स्वतः कण्हत आत जाऊन बसला. चक्र हलवलं. मग व्हिडिओ बघितला. वरून चक्राची कुरकुर ऐकू येत होती आणि खाली दांडा ढिम्म.

“सापडला,” तो ओरडला. “त्रिशला, ये बघू. तू बस आत. मी बघतो कुठनं सुटतंय ते.”

त्रिशला काढ्याचा पेला घेऊन आली होती. तिचेही हात गाडीच्या ओळखीचे होते. बाजाराला गाडी तीच न्यायची. पेला तिनं त्याच्या हातात दिला, आत बसली आणि चक्र हलवलं. आसाखालच्या मोबाईलचं चित्र सुकुमार स्टुलावर बसून तिच्या मोबाईलवर बघत होता. दांडा लगेच हलला. तिनं हळू हलवलं, तो हळू हलला. तिनं नखभर हलवलं, तो नखभर हलला.

पुन्हा सुकुमार बसला. दांडा ढिम्म. पुन्हा त्रिशला. हलला.

“तुमच्यावर रुसलीय म्हणायची गाडी,” त्रिशला म्हणाली, आणि हसता हसता गप्प झाली. ती त्याच्या उजव्या हाताकडं बघत होती. पेला त्यानं मांडीवर टेकवून धरला होता, आणि आतला काढा बारीक थरथरत होता.

“उसण पाठीत भरलीय ना?” तिनं विचारलं. “मग हाताला काय झालंय?”

सुकुमारनं हाताकडं बघितलं. त्यानं पेला घट्ट धरला तशी थरथर थांबली. सैल सोडला, पुन्हा सुरू झाली. प्ले कुठं आहे, हे त्याला कळलं. हिवाळाभर तो गाडीखाली झोपून चुकीच्या जागी शोधत होता.

दुसऱ्या दिवशी दोघं कराडला गेले. सुकुमारला दारात बघून नाझनीनचा चेहरा उतरला. वाटलं असणार, हा माणूस इथंही आला.

“आज गाडीचं विचारायला आलो न्हाई,” सुकुमार म्हणाला. “माझ्या हाताचं विचारतोय.”

“मग सांगता येतं,” ती म्हणाली. “चालकानं स्वतःच्या शरीराबद्दल विचारलं तर सांगावंच लागतं. तेव्हा तुम्ही गाडीबद्दल विचारलं होतं. बसा.”

तिनं समजावून सांगितलं ते असं. माणसाचा हात कड्यावर नुसता टेकलेला असला तरी अगदी स्थिर नसतो. रस्त्याचा हादरा असतो, नाडी असते. ते कंप सेन्सरला ठाऊक असतात. पण एक कंप वेगळा असतो, संथ, एका लयीतला, सेकंदाला चार-पाच वेळा येणारा. मेंदूतल्या काही पेशी मरायला लागल्या की हातात तो उतरतो. डोळ्याला दिसायच्या कितीतरी आधी तो कड्याला कळतो. गाडीला तो कळला की ती दोन कामं करते. पहिलं, चक्र मधोमध असताना चालकाच्या हाताच्या बारीक हालचाली कानाआड करते, म्हणजे हात थरथरला तरी चाक थरथरत नाही. जसा कंप वाढतो, तशी ही मोकळी जागा वाढते. “तुम्हाला तो प्ले वाटत होता,” नाझनीन म्हणाली. “तुमच्यासाठी गाडीनंच तो ठेवला होता. दुसरा माणूस बसला की नसायचा.”

“आणि दुसरं काम?”

“विश्वासू माणसाला कळवते.”

“मग कळवलं?”

“दसऱ्याच्या आधीच.”

त्रिशलानं पदराचं टोक मुठीत धरलं. सुकुमारनं विचारलं, “कळवल्यावर पुढं काय असतंय?”

“गाडी विचारते, चालकाला तुम्ही सांगाल की मी सांगू. त्यांनी कळवलं, मी सांगतो, तोवर सांभाळून घे. मग गाडी दर महिन्याला परत विचारत राहिली.”

“आणि तो?”

नाझनीन खाली बघत म्हणाली, “दर महिन्याला तेच.”

सुकुमार उठला. दारापर्यंत गेला आणि परत आला. “तुमच्यावर मी अन्याय केला,” तो म्हणाला. तिनं मान हलवली. तिला त्याचं समाधान वाटलं की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, मेंदूचे फोटो काढले, आणि दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं, हा कंपवात. हालचालीला वंगण पुरवणाऱ्या पेशी असतात, त्या एकीची लागण दुसरीला होत झडत जातात. ही लागण जागच्या जागी थोपवणारं इंजेक्शन आता निघालं आहे, पण ते फार लवकर द्यावं लागतं. अर्ध्याच्या वर पेशी गेल्या की मग त्याचा उपयोग होत नाही. राहिलेल्या आजाराला गोळ्या असतात, त्यांनी तो झाकला जातो, थांबत नाही.

“हात वर धरा बघू,” डॉक्टर म्हणाले. सुकुमारनं उजवा हात पुढं धरला. हात स्थिर होता. त्याला बरं वाटलं. क्षणात थरथर आपणहून परत आली.

“हे असंच असतं. हात उचलला की जरा वेळ थांबतं, मग येतं. डावा अजून चांगला आहे.”

“इंजेक्शन?” त्रिशलानं विचारलं.

“गेल्या दसऱ्याला आला असता तर दिलं असतं,” डॉक्टर म्हणाले. त्यांना कुणाबद्दल काही ठाऊक नव्हतं. ते सहज बोलून गेले.

गाडीत बसल्यावर त्रिशलाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि रडता रडता ती संतापत गेली. “माझा भाऊ आहे म्हणून मी त्याला पाठीशी घालणार न्हाई. आत्ता फोन लावते.”

“नको.”

“नको काय? त्यानं तुमचे हात घालवले.”

“रविवारी घोरपड हाय,” सुकुमार म्हणाला. “तिथं बोलतो.”

“ह्या हातानं चढणार तुम्ही?”

“मी न्हाई चढणार.”

रविवारपर्यंत पारिसचे दोन फोन आले. गाडीत कुठली दोरी घ्यायची, चाकात हवा किती ठेवायची. सुकुमारनं दोन्हींची नीट उत्तरं दिली. आपण इतकं साधं बोलू शकतो याचं त्याला नवल वाटलं, आणि मग ध्यानात आलं की पारिसलाही सहा-सात महिने हे असंच जमलं असणार. रोजचा चहा, चेष्टा, सणाला घरी जेवण. श्रीखंडाची वाटी दोनदा मागून घेतली होती त्यानं दसऱ्याला.

खाणीत तांबडी धूळ उडत होती. क्लबची मंडळी लांब झाडाखाली पोहे खात होती. घोरपडीच्या पायथ्याशी गवा उभी करून सुकुमार आत बसून राहिला. पारिस सवयीनं उतरला, पँट झटकली आणि चढाकडं निघाला.

“पारिस. इकडं ये. तू बस.”

“मी?” पारिसला वाटलं दाजी चेष्टा करतायत. “मी कुठं चालवतोय डोंगरात.”

“गाडीला तुझे हात माहीत हाईत. मी खाली झोपायचो तेव्हा तूच बसायचास की आत.”

पारिस बसला. सुकुमार दाराशी उभा राहिला.

“हलवून बघ. कसं लागतंय स्टिअरिंग?”

पारिसनं चक्र डावी-उजवी केलं. “घट्ट हाय, दाजी,” तो म्हणाला, आणि शब्द तोंडातून गेल्यावर त्यानं सुकुमारकडं बघितलं. त्या बघण्यात सगळं आलं. आता लपवायला काही राहिलं नव्हतं.

“तुला कधी कळलं, हे मला ठाऊक आहे,” सुकुमार म्हणाला. “मला का सांगितलं न्हाईस, एवढं सांग.”

पारिसनं चक्र दोन्ही हातांनी धरून ठेवलं. “म्हटलं दसरा होऊ दे. मग दिवाळी आली, दिवाळीत कुठं सांगायचं. मग तुम्ही त्या पोरीवर भडकला. तवा सांगितलं असतं तर तुम्ही मला धरलं असतं.”

“म्हणून तिची बदली होऊ दिलीस.”

“गाडी सांभाळत होती की, दाजी. तुम्ही पहिल्यासारखंच चालवत होता. कुठं काय चुकत होतं?”

“गाडी रस्ता सांभाळत होती. मला आतनं पोखरत होतं, ते कोण सांभाळणार होतं? ते तुझ्यावर सोडलं होतं.”

 पारिस चक्राकडं बघत म्हणाला, “तुम्ही गाडीतनं उतरला असता तर मी कुणापुढं उभा राहणार होतो? मला दुसरं काय येतंय? ह्या लोकांत मला ओळखतात ते तुमचा स्पॉटर म्हणून.”

हे खरं होतं. सुकुमारला ते ऐकताक्षणी खरं वाटलं आणि त्यामुळंच राग जास्त आला. खोटं बोलला असता तर दोन शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. स्वतःची उभं राहायची जागा जाऊ नये म्हणून ह्यानं माझे हात जाऊ दिले, असं त्याच्या मनात आलं, आणि ते त्यानं बोलूनही दाखवलं.

“असं म्हणू नका. मी उद्या चला म्हणतो. कुठल्याबी डॉक्टरकडं जाऊ. औषध असंल ह्याला.”

“होतं,” सुकुमार म्हणाला. “दसऱ्याला होतं. आता न्हाई चालत.”

पारिसचे हात चक्रावरून खाली आले. “लवकर दाखवा, असं आलं होतं गाडीच्या निरोपात. पुढं बरंच होतं. मी पुढचं वाचलं न्हाई.”

सुकुमारनं दार लावलं. “चढव,” तो म्हणाला.

“मला न्हाई जमणार, दाजी.”

“मला तरी कुठं जमत होतं? मी तुझ्या हाताकडं बघत आलो. तू माझ्या बघ.”

तो चढ चढून वर गेला, पहिल्या वळणापाशी वळला, पाठ डोंगराला केली. डावा हात अजून चांगला होता. त्यानं मुद्दाम उजवा उचलला. हात क्षणभर स्थिर राहिला आणि पारिसला वाटलं असेल की एवढं काही बिघडलेलं नाही. मग थरथर आली. बोटं, तळवा, मनगट, सगळं भर उन्हात हलत होतं. सुकुमारनं तळवा आत वळवला. ये.

गवा पुढं आली. चाकांनी दगड धरला. थोडं वर आल्यावर पारिसची नजर बाजूला गेली, दरीकडं नव्हे, नुसती कुठंतरी दुसरीकडं, आणि गाडी कचकन थांबली.

“हाताकडं बघ,” सुकुमार म्हणाला.

पारिसनं बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते, पण पापणी मिटायचीसुद्धा सोय नव्हती. डावीकडं, हात म्हणाला. डावीकडं. आता सरळ. स्टिअरिंग घट्ट होतं, खुणेसरशी गाडी वळत होती, आणि मधे कुठं फट नव्हती. पारिसला त्या हातावर नजर ठेवून, त्याची एकेक थरथर बघत, सगळी घोरपड चढावी लागली. खालची मंडळी पोहे खायची थांबून उठून उभी राहिली होती. दाजी वर आणि पारिस आत, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

माथ्यावर सुकुमारनं मूठ वळली. मूठही हलत होती. गाडी थांबली.

“बघितलंस?”

“बघितलं, दाजी.”

“दसऱ्याला बघायला पायजे होतंस.”

एवढं बोलून तो गाडीला वळसा घालून उतरणीला लागला. घोरपड चढण्यापेक्षा उतरणं अवघड, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. उतरताना चालकाला काहीच दिसत नाही; पुढं कुणीतरी खुणेचा हात वर धरून उभं असावं लागतं.

“दाजी,” मागून पारिसची हाक आली. “मी उतरू कसा?”

सुकुमार थांबला नाही. उजवा हात त्यानं खिशात घातला आणि खाली चालत राहिला.